खरखर

"मामू, मी काही केलं नाही. ते आपोआप चालतं."

हे वाक्य माझ्या भाच्याने त्या संध्याकाळी चार वेळा म्हटलं आणि चारही वेळा मी ते कानाआड केलं. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. वीस वर्षांत 'सर, आपोआप झालं' हे मी इतक्या वेळा ऐकलंय की ते वाक्य आता माझ्या कानात शिरतच नाही. परीक्षानळी आपोआप फुटते, बाकावर आपोआप नाव कोरलं जातं, भिंगाने शेजारच्याची वही आपोआप जळते. त्यात आता गेमच्या कंट्रोलरची भर.

झालं असं होतं. दिवाळीच्या सुट्टीत भाचा मिरजेला आमच्याकडे राहायला आला. आठवीत आहे. आपा इथेच, पलीकडच्या कॉलनीत राहते. मेव्हणे कुवेतला गाडी चालवतात, दोन वर्षांतून एकदा येतात. त्यामुळे सुट्टी म्हणजे पोराचा मुक्काम नानांकडे हे ठरलेलं. या वेळी त्याने एका मित्राचा कंट्रोलर आणला होता. मित्र गावाला गेला होता आणि त्याने आपण होऊन दिला होता. आमच्याकडे गेमचा डबा नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपला वायरने कंट्रोलर जोडून भाचा फुटबॉल खेळायचा. दहा दिवस खेळला, सुट्टी संपल्यावर नेऊन दिला. त्याच रात्री मित्राच्या वडिलांचा आपाला फोन आला. कंट्रोलर खराब करून दिलाय, खेळाडू एकटाच उजवीकडे चालत सुटतो, नवा साडेपाच हजारांना पडतो, तुम्हीच बघा काय करायचं ते.

आपा घाबरली. पैशांपेक्षा जास्त, कॉलनीत काय बोलतील याला. कंट्रोलर परत आणून तिने माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "तूच विचार याला. माझ्याशी खरं बोलेना."

मी विचारलं. आपटलास का? पाणी सांडलं का? चिडून दांडी पिरगाळलीस? तो नाही म्हणत राहिला, मी आवाज चढवत राहिलो. शेवटी, "खोटं बोलून वर तोंड करतोस," एवढं बोलून मी थांबलो. तोही थांबला. त्यानंतर तो बोललाच नाही.

खोलीच्या कोपऱ्यात अब्बा बसले होते. त्यांना काय ऐकू येतं आणि काय नाही, हे आम्हाला अजून नीट समजलेलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "क्या बिगड्या?" मी म्हणालो, काही नाही अब्बा, खेळणं आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. म्हटलं, आधी रोग तर बघू. ही सवय मात्र अब्बांची. मिरज स्टेशनकडच्या रस्त्याला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक दारात उभं राहून 'सेल बदलायला हवेत बहुतेक' असं म्हणालं की अब्बा म्हणायचे, बहुतेक घरी ठेवून या, रेडिओ इथे ठेवा.

कंट्रोलर लॅपटॉपला जोडून बघायला आता वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. ब्राउझरमध्ये उघडणारी तपासणीची पानं आहेत. स्टिक हलवली की दोन आकडे बदलताना दिसतात, एक आडव्या दिशेचा, एक उभ्या. पार डावीकडे उणे एक, पार उजवीकडे अधिक एक. बोट काढलं की दोन्ही शून्यावर यायला हवेत. पण अनेक कंट्रोलर नेमके शून्यावर येतच नाहीत, ०.००३९ वर थांबतात. मला आधी वाटलं, हाच तो दोष. तो दोष नव्हे. कंट्रोलर आतमध्ये ० ते २५५ असे आकडे मोजतो, आणि या २५६ आकड्यांना नेमका मधला आकडाच नाही. १२७ म्हणजे किंचित डावीकडे, १२८ म्हणजे किंचित उजवीकडे. हे लक्षात आल्यावर मला इतका आनंद झाला की मी भाच्याला सांगायला वळलो आणि मग आठवलं, तो बोलत नाही.

उभा आकडा शहाण्यासारखा ०.००३९ वर बसला होता. आडवा मात्र ०.०९ ते ०.१४ यांच्यामध्ये थरथरत होता. कोणाचंही बोट नव्हतं. मी स्टिक उजवीकडून सोडून पाहिली, डावीकडून सोडून पाहिली, नखाने टिचकी मारून पाहिली. प्रत्येक वेळी ती वेगळ्याच ठिकाणी थांबायची, पण शून्याच्या उजवीकडेच. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. तुमचं बोट नसताना यंत्राला ते आहे असं वाटतं.

आकडा एकाच जागी, पण चुकीच्या जागी स्थिर असता, तर मधला बिंदू सरकलाय किंवा आतली स्प्रिंग दमलीय असं म्हणता आलं असतं. आमचा आकडा थरथरत होता. म्हणजे आतला स्पर्शच धड होत नव्हता. मी ठरवून टाकलं, धूळ. जाता जाता गेमच्या सेटिंगमध्येही डोकावलो. तिथे 'डेडझोन' म्हणून एक पट्टी असते. मधोमधच्या लहानसहान हालचालींकडे किती दुर्लक्ष करायचं ते तिथे सांगता येतं. ती पट्टी बरीच पुढे सरकवलेली होती. मला वाटलं, गेमवाल्यांनीच तशी ठेवली असेल. ही गोष्ट लक्षात ठेवा.

मागचे चार स्क्रू काढले. दोन कवचं एका पातळ पट्टीवजा केबलने जोडलेली असतात, ती ओढली की तुटते, हे मी आधी वाचलं होतं म्हणून वाचलो. पण बोटाखालच्या खटक्यांच्या दोन बारीक स्प्रिंगा असतात, त्या उडतात, हेही वाचलं होतं आणि तरी उडाल्या. एक लगेच सापडली. दुसरी अम्मीच्या जुन्या शिलाई मशीनखाली. ती भाच्याने शोधून दिली, न बोलता.

स्टिकचा सांगाडा म्हणजे एक लहान धातूची पेटी. तिच्या दोन बाजूंना, एकमेकींशी काटकोनात, दोन छोटी हिरवी झाकणं. एक आडव्या दिशेचं, एक उभ्या. चपट्या प्लास्टिकच्या पट्टीने हळूच उचललं की झाकण निघतं आणि आत एक पांढरी चकती दिसते. आडव्या दिशेचं झाकण काढलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून आतून पुसलं, काडीवर काळं आलं. पुन्हा लावलं, जोडलं. आकडा ०.००३९. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. त्याच संध्याकाळी कंट्रोलर नेऊन दिला. मित्राच्या वडिलांना म्हणालो, "किरकोळ होतं, धूळ होती." भाच्याला म्हणालो, "बघ, झालं. पुढच्या वेळी जपून वापरायचं."

म्हणजे मनात मी त्याला अजूनही दोषी धरलं होतं. धूळ त्याच्याच हातून गेली असणार, असं काहीतरी.

सहा दिवसांनी पुन्हा फोन आला. या वेळी आवाजात साखर नव्हती.

कंट्रोलर पुन्हा टेबलावर आला. खेळाडू आता उजवीकडे चालत नव्हता, धावत होता. मी पुन्हा कवच उघडून बसलो होतो, तेवढ्यात अब्बा काठी टेकत आले आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांनी स्टिकची पेटी जवळ घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ये क्या, पॉट है?"

आणि मला एकदम लख्ख दिसलं की मी विज्ञानाचा शिक्षक असून सकाळपासून शब्दांत अडकलो होतो. जॉयस्टिक, ड्रिफ्ट, डेडझोन. अब्बांनी हातात घेताच वस्तूला तिचं नाव दिलं. पॉट, म्हणजे पोटेन्शियोमीटर. म्हणजे रेडिओच्या आवाजाचं बटण.

ज्यांच्या घरात जुना रेडिओ होता त्यांना आठवेल. काही वर्षं झाली की आवाजाचं बटण फिरवताना खर्रर्र व्हायचं. एका ठराविक जागी बटण आलं की आवाज गायब, जरा पुढे नेलं की एकदम कानठळ्या. अब्बांच्या दुकानात दिवसाला दोन तरी रेडिओ याच तक्रारीचे असायचे. आत कार्बनची एक अर्धगोल पट्टी असते. तिच्या दोन टोकांना विजेचा दाब दिलेला असतो आणि पट्टीवरून धातूचं एक बारीक बोट सरकतं. बोट जिथे असेल त्या प्रमाणात दाब मधल्या पायावर मिळतो. मधोमध असेल तर निम्मा. रेडिओत त्याने आवाज कमीजास्त होतो. कंट्रोलरमध्ये तोच दाब मोजून त्याचा ० ते २५५ मधला आकडा बनतो. फरक एवढाच की इथे दोन पॉट आहेत आणि सोडल्यावर दांडी स्प्रिंगने मधोमध परत येते.

"तो फिर ये ड्रिफ्ट-ब्रिफ्ट कुछ नहीं," अब्बा म्हणाले. "खरखर है."

मग ते बोलायला लागले. अम्मी गेल्यापासून ते सलग पाच वाक्यं बोललेले मला आठवत नाहीत. खरखर दोन प्रकारची, म्हणाले. एक मळाची. ती पुसली की जाते, जन्मभर परत येत नाही. दुसरी झिजेची. पट्टीचा कार्बनच उडालेला असतो, त्याचीच पूड आत फिरत असते. ती पुसली की चार दिवस बरं वाटतं, कारण पूड जाते. पण पट्टी काही परत येत नाही. दुकानात ते सी.टी.सी. नावाचं औषध टाकायचे. गिऱ्हाईक आठ दिवसांत परत आलं तर समजायचं की झीज आहे, मग पॉट बदलायचा. कोणी पेन्सिलीच्या शिशाने पट्टी गिरवून द्यायचे. अब्बांना त्याचा राग होता. वो धोका है, म्हणाले.

तुझी कापसाची काडी काळी झाली होती ना, त्यांनी विचारलं. हो. धूळ काळी असते का? आमच्या मिरजेची धूळ कोणत्या रंगाची असते हे मला माहीत आहे.

भिंग आणलं. शाळेतलं. झाकणाच्या आतल्या बाजूला कार्बनची काळी पट्टी, आणि तिच्या बरोबर मध्यभागी, जिथे दांडी सोडल्यावर बोट टेकतं तिथे, एक फिकट चकाकणारी रेघ. दोन्ही टोकांकडे पट्टी कोरी करकरीत. मध्यावर तेवढी झिजलेली. स्टिकचं सगळं आयुष्य त्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये जातं. ती मधल्या मधेच हजारो वेळा डगमगत असते.

अब्बांनी भिंगातून पाहिलं आणि त्यांना आठवली सतारीची घोडी. आमच्याकडे सतारमेकर गल्ली आहे, ते सगळे अब्बांचे जुने गिऱ्हाईक. सतार घडवतानाही त्यांना रेडिओ लागायचा. सतारीच्या तारा ज्या घोडीवर टेकतात तिला वाजवून वाजवून खाचा पडतात. मग आवाज बसतो आणि कारागिराला घोडी घासून जवारी पुन्हा काढावी लागते. खाच बघून ते लोक सांगतात, म्हणे, की हा वाजवणारा रोजचा आहे की हौशी.

"ये कितने दिन का है?" अब्बांनी रेघेवर नख ठेवून विचारलं. "दस दिन का?"

मी भाच्याकडे पाहिलं. तो दारात उभा होता.

त्या रात्री मी बराच वेळ वाचत बसलो. हा रोग नवा नाही आणि एकट्या कुठल्या कंपनीचाही नाही. २०१७ साली निन्टेन्डोचा स्विच आला, त्याच्या जॉय-कॉनमधल्या स्टिकची रचना जरा निराळी, चपटी. पण तिथेही ड्रिफ्टच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१९ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला आणि २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली. आयफिक्सिट ही दुरुस्तीवाली मंडळी. त्यांनी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५चा कंट्रोलर उघडून हिशेब मांडला होता. आतल्या स्टिकचं आयुष्य तिच्या बनवणाऱ्याने वीस लाख फेऱ्यांचं सांगितलंय, आणि बंदुकीचा एखादा गेम खेळताना ते साधारण ४१७ तासांत संपू शकतं. रोज दोन तास धरले तर सात महिने. आमचा पोरगा दहा दिवस खेळला. आजीच्या देखरेखीशिवाय, म्हणजे मनसोक्त खेळला असं धरलं तरी रोजचे चार तास, एकूण चाळीस.

गंमत अशी की यावर उपाय फार जुना आहे. पट्टी आणि बोट यांचा स्पर्शच ठेवायचा नाही. दांडीला चुंबक लावायचं आणि त्याचं क्षेत्र किती बदललं ते मोजायचं. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ मध्ये शोधला. सेगा कंपनीच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच असे चुंबकाचे सेन्सर होते. झिजायला काही नाही, तर खरखर कुठून येणार? पण कार्बनची पट्टी स्वस्त पडते. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

सकाळी मी भाच्याला म्हणालो, "तू खरं बोलत होतास."

तो म्हणाला, "हं."

एवढंच. मी आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. पण शाळेत चुकलेल्या मुलाला कसं बोलायचं याचा मला सराव आहे, चुकलेल्या शिक्षकाने कसं बोलायचं याचा नाही. आपाला मात्र लगेच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मग आता त्यांना कोण सांगणार?"

मी सांगणार होतो. पण आधी दुरुस्ती. कारण हातात बिघडलेला कंट्रोलर घेऊन, आमच्या मुलाची चूक नाही, असं सांगायला जाणं म्हणजे भांडायला जाणं.

त्याच आठवड्यात प्रशिक्षणासाठी पुण्याला जायचं होतं. कोयनेने गेलो, दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. ज्यांनी ही गल्ली पाहिली नाही त्यांच्यासाठी: हात पसरले तर दोन्ही बाजूंच्या दुकानांना लागतील, आणि वायर, बल्ब, ट्रान्सफॉर्मर, जे म्हणाल ते. दुकानदाराने माझ्या हातातला मोडका भाग न बघताच विचारलं, "साधी का हॉलवाली?" हॉलवाली महाग, आणि बसवल्यावर मधला बिंदू जुळवायला जास्त छळते, असं तोच म्हणाला. वस्तू लोकांची होती, होती तशी करून द्यायची होती. साध्या दोन घेतल्या, एक राखीव. अब्बांनी बजावलं होतं म्हणून तिथेच मल्टिमीटरने तपासल्या. टोकाच्या दोन पायांमध्ये साधारण दहा किलोओहम, मधला पाय आणि कोणतंही टोक यांच्यामध्ये निम्मं. दांडी हलवली की आकडा अडखळत नाही ना, ते बघायचं. एक अडखळली. बदलून घेतली. दुकानदार म्हणाला, "मेकॅनिक आहात का?" मी म्हणालो, वडील आहेत.

जुना सांगाडा बोर्डवरून काढणं हे या सगळ्यातलं खरं अवघड काम. त्याला चौदा पाय असतात. दोन पॉटचे तीन-तीन, दांडी दाबल्यावर टिक करणाऱ्या खटक्याचे चार आणि पेटीचे स्वतःचे चार. चौदाच्या चौदा मोकळे झाल्याशिवाय तो हलत नाही, आणि ओढला तर बोर्डवरचा तांब्याचा ठिपका उखडून हातात येतो. मग संपलंच. पेटीचे पाय तांब्याच्या मोठ्या पसाऱ्याला जोडलेले असल्याने उष्णता पिऊन टाकतात. सोल्डरिंग आयर्न टेकवून मी बसलो आणि काही वितळेना. अब्बा म्हणाले, नवं सोल्डर घाल. काढायचंय आणि घालू? घाल. शिशाचं जुनं सोल्डर जरा वर टाकलं आणि ते खालच्या सोल्डरमध्ये मिसळून झटकन पाण्यासारखं झालं. कारण मला माहीत होतं. हल्लीचं बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं, शिशाचं १८३ ते १९० मध्ये, दोन्ही मिसळलं की काम सोपं होतं. कारण माहीत असणं आणि वेळेवर सुचणं यात एक दुकान चालवण्याइतकं अंतर आहे.

अब्बांचे हात आता कापतात. आयर्न मी धरलं होतं, बोर्ड भाच्याने, आणि अब्बा नुसते बघत सांगत होते. जल्दी नको. उठा. अब पंप. मधेच त्यांनी हात पुढे केला. मी आयर्न दिलं. त्यांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं, डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि एक पाय मोकळा केला. एकच. मग आयर्न मला परत दिलं आणि म्हणाले, "बस."

नवी स्टिक बसवली. आकडा ०.०३. मी पुन्हा खट्टू. पण हा थरथरत नव्हता, जागचा हलत नव्हता. नव्या पॉटचा मध्य आणि कंट्रोलरच्या स्मृतीतला जुना मध्य वेगळा, एवढंच. त्यासाठी ब्राउझरमधूनच मध्य नव्याने शिकवता येतो. चार कोपऱ्यांकडून दांडी सोडायची आणि नवा मध्य कायम साठवायचा. ते सगळं भाच्याने केलं. ०.००३९. तासभर खेळून बघ म्हटलं. तो दोन तास खेळला. दुरुस्तीची चाचणी म्हणून मी काही बोललो नाही.

रविवारी आम्ही दोघं कंट्रोलर घेऊन गेलो. मी जुनी स्टिक एका पाकिटात घातली होती, भिंगही घेतलं होतं. वाटेत मनातल्या मनात भाषणाची तयारी केली होती.

मित्राचे वडील भला माणूस वाटला. बसा सर, म्हणाले, चहा आला. कंट्रोलर जोडून पाहिला, खेळाडू जागेवर उभा राहिला. मग मी पाकीट उघडलं. पट्टी दाखवली, रेघ दाखवली, तासांचा हिशेब सांगितला. "हे दहा दिवसांत होत नाही," मी म्हणालो. "याला महिने लागतात. आमच्या मुलाने काही केलं नव्हतं." मला वाटतं, मी ते वाक्य जरा जोरातच म्हटलं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि आपल्या मुलाकडे वळले. "म्हणजे तुझ्याकडेच बिघडला होता? आणि तुला माहीत होतं?"

तो मुलगा सोफ्याच्या कडेला उभा होता. त्याच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी पाहिला. तो काहीच बोलला नाही.

"नाही काका," माझा भाचा मधेच म्हणाला. "ते कळतच नाही. आतल्या आत झिजतं. गेममध्ये दिसत नाही."

ते माझ्याकडे बघायला लागले. विज्ञानाच्या शिक्षकाकडे. ०.१४ गेममध्ये दिसतं की नाही, हे मला चांगलं माहीत होतं. दिसू नये म्हणून काय करावं लागतं तेही, आणि लॅपटॉपवरची ती पुढे सरकवलेली पट्टी तेव्हाच, चहाचा कप हातात असताना, माझ्या डोळ्यांपुढे आली.

"हो," मी म्हणालो. "दिसत नाही."

रस्त्यावर आल्यावर बराच वेळ आम्ही नुसते चाललो. मग त्याने सांगितलं. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी खेळाडू आपोआप चालायला लागला तेव्हा त्याने मित्राला फोन केला होता. मित्र म्हणाला, माहीत आहे, दोन-तीन महिने झाले, डेडझोन वाढव म्हणजे दिसत नाही. तो तसाच खेळायचा. पण दिवाळीला त्याला नवा गेम मिळाला, त्यात ती पट्टी पहिल्यासारखी होती, आणि नेमके त्याचे पप्पा शेजारी बसले होते.

"मग तू पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस? मी तुला किती बोललो."

"त्याचे पप्पा मारतात, मामू."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो काढला नाही, पण खांदाही सैल सोडला नाही.

आठवड्याभराने तो मित्र आमच्या दारात उभा होता. हातात त्याच्या चुलत भावाचा कंट्रोलर. या वेळी वर जातो, म्हणाला, खाली-वर. भाचा आपाकडे होता. निरोप गेला तसा सायकलवरून आला. अब्बांनी टेबलावरचा औषधांचा डबा उचलून खिडकीत ठेवला, खालचं वर्तमानपत्र सारखं केलं आणि मुलाला विचारलं, "पोंछा क्या किसीने पहले?"